डाव्या पायाची पेन्शन

छत्तीस वर्षं लुसाकाच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणं करून बिना चिमुका निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपसमारंभात त्यांना भिंतीवरचं एक घड्याळ, दोन चादरी आणि भरपूर भाषणं मिळाली. सगळ्या भाषणांत त्यांच्या हातांचं कौतुक होतं. डाव्या गुडघ्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. खरं तर ती छत्तीस वर्षं हातांनी काढली त्यापेक्षा जास्त त्या गुडघ्याने काढली होती. चार पायऱ्या चढल्या की तो कुरकुरायचा, आणि पाचवीला सरळ संप पुकारायचा.

बिना चिमुका म्हणजे चिमुकाची आई. हा चिमुका उत्तरेला तांब्याच्या खाणीत इंजिनिअर. बाईंना स्वतःचं नाव होतं, पण टोंगा लोकांत पहिलं मूल झालं की आईचं नाव पेटीत जातं, तसं तेही गेलं होतं. चर्चमधल्या बायका, भाजीवाली, दवाखान्यातले डॉक्टर, सगळ्यांना त्या बिना चिमुका. स्वप्नात मात्र त्यांना कुणी हाकच मारत नसे, कारण स्वप्नात त्या नेहमी गाडीत असत आणि काचेबाहेर वारा फार असे.

हे स्वप्न जुनं होतं. एकोणीस वर्षांच्या असताना, नर्सिंग शिकत असताना, मोंझेच्या बस स्टँडवर त्या पेम्बाला, आपल्या गावी, जाणाऱ्या बसची वाट बघत उभ्या होत्या. डोक्यावर बोचकं, पायाशी पाय बांधलेली कोंबडी. बस सकाळी येणार होती, म्हणजे दुपारी येणार होती. तेवढ्यात दक्षिणेकडून एक पांढरी गाडी आली. गाडी चालवत होती एक बाई. एकटी. उजवं कोपर खिडकीबाहेर, एक हात चाकावर, डोक्याला पिवळं फडकं. बाईने यांच्याकडे पाहिलं नाही, कोंबडीकडेही पाहिलं नाही. काफुएच्या पाणथळीवरून बगळा जातो ना, घाई नाही, आवाज नाही, तशी ती गेली. मागे धूळ उडाली, खाली बसली. बस आली तेव्हा ऊन उतरलं होतं.

त्यानंतर चाळीसएक वर्षं त्या गावी बसनेच गेल्या. लग्नाला बसने, बारशाला बसने, आईच्या मातीला बसने. बसमध्ये डोळा लागला की ते कोपर दिसायचं. फरक इतकाच की हळूहळू त्या हातात त्यांच्याच मनगटावरची तांब्याची कडी दिसायला लागली.

गाडी शिकायचे दोन प्रयत्न मधल्या काळात झाले. दोन्ही वेळा डाव्या पायाने क्लच दाबला, गुडघ्याने बोंब मारली, आणि गाडीने उडी घेतली. दुसऱ्या वेळी ती उडी शिकवणाऱ्याच्या कोबीच्या वाफ्यात संपली. तेव्हापासून स्वप्न झोपेपुरतंच उरलं.

मग निवृत्तीच्या वर्षी कुणीतरी सांगितलं की आता अशा गाड्या येतात ज्यांना क्लच नाही. डाव्या पायाला काम नाही. गिअर गाडी आपलं आपण बदलते.

"म्हणजे डावा पाय करतो काय?" बिना चिमुकांनी विचारलं.

"काही नाही. बसून राहतो."

बाईंनी गुडघ्याकडे पाहिलं. दोन पायांतला एक अजून नोकरीवर आणि दुसऱ्याला पेन्शन! सरकारला छत्तीस वर्षांत जे सुचलं नाही ते एका गाडीला सुचलं होतं.

एकसष्टाव्या वर्षी त्यांनी लायसन काढलं. शिकताना डावा पाय सवयीने काहीतरी शोधत राहायचा. मग त्यांनी त्याला चप्पल काढून सीटखाली दुमडून ठेवायला शिकवलं. तिथे तो इतका निवांत झाला की परीक्षेच्या दिवशी उतरताना उठेचना. त्याला मुंग्या आल्या होत्या. परीक्षा घेणाऱ्या साहेबाने हात देऊन उतरवलं आणि पास केलं.

आता राहिली गाडी. आणि इथे थट्टा संपत होती. निवृत्तीचे एकरकमी पैसे आयुष्यात एकदाच येतात. त्यातून एकच गाडी येणार होती. ती चुकली तर दुसरी नाही, मग पुन्हा बस, पुन्हा कोंबडी. गाडी अशी हवी होती की लुसाकाच्या गर्दीत रोजचं बाजार-चर्च-दवाखाना करेल आणि महिन्यातून एकदा दक्षिणेचा मोठा रस्ता धरून पेम्बाला जाईल, जिथे धाकटी बहीण चिलेलेको जुन्या आवारात गाई सांभाळून एकटी राहत होती. सव्वादोनशे किलोमीटरला थोडे कमी. मध्ये मुनालीचा डोंगर.

चिमुकाचा फोन आला. "आई, डिसेंबरपर्यंत थांब. मी येतो, मी बघून घेतो."

"तू जन्माला यायलासुद्धा तीन आठवडे उशीर केलास," बाई म्हणाल्या. "तुझ्या डिसेंबरचा मला भरवसा नाही."

मग त्या लुसाकाच्याच चिलेंजे वस्तीतल्या आंब्याच्या झाडाखाली गेल्या. त्या झाडाखाली मुयांग्वा गाड्या दुरुस्त करायचा.

मुयांग्वा लोझी होता, म्हणजे नदीकाठचा, मासे खाणारा, पूर आला की उंच जागी जाणाऱ्यांतला, आणि बिना चिमुका टोंगा, गाईगुरं राखणाऱ्यांतल्या. आमच्या देशात एवढं सांगितलं की पुढचं सगळे समजतात, पण तरी सांगायला हवं. लोझी आणि टोंगा ही थट्टेची भावंडं. एकमेकांना वाट्टेल ते बोलायचं, चारचौघांत बोलायचं, आणि रागवायचं मात्र नाही. रागावला तो हरला. या नात्याला चिंबुया म्हणतात, आणि ते सुखात चालतं तसं दुःखात जास्त चालतं. बाईंचे यजमान गेले तेव्हा कबरस्तानात हा मुयांग्वा सरळ खणलेल्या खड्ड्यात उतरून आडवा झाला. "मला झोप आलीय," म्हणाला, "जागा चांगली आहे, त्या टोंग्याला दुसरीकडे न्या. तो काय, गोठ्यातसुद्धा झोपेल." चार जणांनी त्याला ओढून बाहेर काढलं. तीन दिवस दगडासारख्या बसलेल्या बिना चिमुका तेव्हा फडक्यात तोंड लपवून हसल्या, आणि हसता हसता पहिल्यांदा रडल्या. त्याच्या दोन्ही मुली बाईंनीच जगात आणलेल्या. दोन्ही वेळा दाराबाहेर उभ्या मुयांग्वाला त्यांनी बातमी दिली ती अशी: "मुलगी झाली. देवाची कृपा, तुझ्यासारखी दिसत नाही."

तर बाई झाडाखाली गेल्या. मुयांग्वा एका गाडीच्या पोटाखाली होता. फक्त बूट दिसत होते.

"ए मासेखाऊ!" बाई म्हणाल्या. "बाहेर ये. पूर ओसरला."

"शेणाचा वास आला तेव्हाच कळलं कोण आलंय," बूट म्हणाले. मग मुयांग्वा सरपटत बाहेर आला. पन्नाशीचा, काटक, कपाळाला ग्रीस. "काय गं गायराणी, गाय बंद पडली की काय?"

"मला गाडी घ्यायचीय. आपोआप गिअरची. तू बघून सांगायचंस."

"टोंगा बाई गाडी चालवणार!" तो झाडाला म्हणाला. "अगं, तू तिला गवत घालशील. संध्याकाळी बॉनेटखाली धार काढायला बसशील."

"आणि लोझी चालवायला बसला की पाऊस पडल्याबरोबर गाडी सोडून उंच जागी पळतो. येतोस की नाही?"

"येतो. तुझी फजिती चुकवून कसं चालेल?"

मिस्टर चुलू यांचं आवार काफुए रोडला होतं. जपानवरून आलेल्या जुन्या गाड्या समुद्र ओलांडून, मग दार-एस-सलामवरून रस्त्याने धूळ खात तिथे यायच्या आणि रांगेत धुतलेली तोंडं घेऊन उभ्या राहायच्या. चुलू साहेब टोकदार बूट घालून त्यांच्यामधून हिंडत. त्यांना प्रत्येक गाडी 'जवळजवळ नवी' वाटायची. माणसंही.

बाईंच्या आवाक्यातल्या दोन होत्या. एक पांढरी, लांबट, आतली आसनं मऊ, चाकं चकचकीत. दुसरी वाळलेल्या भोपळ्याच्या रंगाची, बुटकी, गुबगुबीत, मागचा बंपर जरा खरवडलेला.

पांढरीकडे पाहिलं आणि बाईंच्या कानात वारा सुरू झाला. मोंझेची धूळ उडाली. चाळीसएक वर्षं स्वप्नात बसून बसून जिचं आसन त्यांच्या अंगाचं झालं होतं ती गाडी लुसाकात किंमतीचा कागद चिकटवून उभी होती. आत बसल्या. काच खाली केली. उजवं कोपर आपोआप बाहेर गेलं.

"मॅडम, ही तुमच्यासाठीच समुद्र ओलांडून आलीय," चुलू म्हणाले. आणि खोटं बोलायची इतकी सवय असलेल्या माणसाच्या तोंडून चुकून खरं निघावं तसं बाईंना ते वाटलं.

आवाराभोवतीच्या रस्त्यांवर त्यांनी चक्कर मारली. गाडी सिग्नलला थांबली, निघाली. ब्रेकवरचा पाय उचलला की स्वतःच हळूच पुढे सरकायची, वासरू गाईमागे सरकतं तशी. डावा पाय सीटखाली झोपला होता. मुयांग्वा शेजारी बसून कान देऊन ऐकत होता. परत आल्यावर त्याने बॉनेट उघडलं, गिअरबॉक्सच्या तेलाची काडी ओढली, पुसली, पुन्हा बुडवली, नाकाशी नेली. त्याचं तोंड जरा वाकडं झालं.

"गिअरबॉक्स कसा आहे?" बाईंनी विचारलं.

"टोंगा बैल आहे," मुयांग्वा म्हणाला. "सपाटीवर राजा. डोंगर दिसला की म्हणणार, मी इथेच चरतो, तुम्ही व्हा पुढे."

बाई इतक्या हसल्या की चुलूंनाही हसावं लागलं.

"अगं हसतेस काय? खरं सांगतोय. तेल करपलंय. वास घे."

"करपलेलं तुझ्या नाकातच असेल. रोज मासे भाजतोस."

"गरम झाली की सोडून देणार तुला. हे बघ, ती भोपळ्यासारखी आहे ना, ती घे. तेल लालसर आहे, स्वच्छ आहे. तिचे भाग लुसाकात कुठल्याही कोपऱ्यावर मिळतात. पेम्बात न्हाव्याकडेसुद्धा मिळतील."

"मिळणारच. अर्ध्या टॅक्सी त्याच आहेत! मी चर्चला निघाले की लोक हात करतील. आणि रंग बघ. तुला आवडणारच, चिखलातल्या माशाचा रंग आहे."

"बिना चिमुका, देवाशपथ..."

"लोझी आणि देवाची शपथ!" बाईंनी डोळे पुसले. "आज सगळेच विनोद करून टाकणार आहेस का?"

त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. दुसऱ्या कुणाकडून हे ऐकलं असतं तर त्या थांबल्या असत्या. पण चिंबुयातला माणूस 'खरं सांगतो' म्हणाला की त्याच्या पुढे नेहमी मोठी थाप असते. चाळीस वर्षांचा अनुभव होता. खड्ड्यात झोपणाऱ्या माणसाचं गिअरबॉक्सबद्दलचं मत कोण मनावर घेईल? शिवाय बाई प्रेमात पडल्या होत्या. शुक्रवारी सह्या करायच्या असं ठरलं.

ते तीन दिवस बिना चिमुका घरात चालत नव्हत्या, तरंगत होत्या. स्वयंपाकघरात मक्याच्या पिठाचा न्शिमा घोटताना पळी डावीकडे वळली की त्यांना वळण दिसायचं. शेजारीण काही विचारायची आणि त्या "हो, माझाबुकाला ऊस पेटवलाय वाटतं, धूर येतोय" असं त्या रस्त्यावरचंच काहीतरी म्हणायच्या. पेटीतून पिवळं फडकं निघालं, धुतलं गेलं, इस्त्री झालं. बहिणीला फोनवर त्यांनी सांगितलं, "चिलेलेको, रविवारी दुपारी रस्त्याकडे बघत राहा. पांढरं काही दिसलं तर ती मी."

"बगळा असला तर?"

"बगळ्याला हात कर. नाहीतरी तू गाईंशी बोलतेसच."

शुक्रवारी सकाळी त्या फडकं बांधून आवारात पोचल्या. चुलूंनी कागद टेबलावर मांडले होते, पेनाचं टोपणही काढून ठेवलं होतं. तेवढ्यात फाटकातून मुयांग्वा आला.

त्याच्या अंगात ग्रीसचा डगला नव्हता. धुतलेला सदरा, गळ्यापर्यंत बटणं, लग्नातली विजार. डोक्यावरची टोपी त्याने फाटकातच काढली. बाई काहीतरी बोलणार होत्या, "अरे वा, पुरातून कपडे वाचले?" असं काहीतरी. पण ते ओठावरच राहिलं. कारण मुयांग्वा त्यांच्यापासून पाच पावलांवर थांबला, खडीवर दोन्ही गुडघे टेकले, आणि त्याच्या गावाकडे राजवाड्यासमोर करतात तशा, सावकाश, खोलगट टाळ्या वाजवू लागला.

"आई," तो म्हणाला.

चाळीस वर्षांत एकाही लोझी माणसाने बिना चिमुकांना आई म्हटलं नव्हतं. त्यांनी टेबल धरलं.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं. "मुयांग्वा, कोण गेलं? मुली? बायको?"

"कुणी नाही गेलं. सगळे बरे आहेत. आपण माझं ऐकावं एवढंच मागायला आलोय."

"तू उठ आधी."

"उठलो तर आपण हसाल. म्हणून नाही उठत." त्याने मान वर केली नाही. "आपण माझ्या दोन्ही मुली हातात धरल्या आहेत. या गाडीचं तेल करपलेलं आहे, आई. शहरात ती चालेल. शहरात थांबतथांबत जायचं असतं, तिला दम घ्यायला मिळतो. पण मोठ्या रस्त्यावर, तासभर पळून अंग तापलं, आणि मग डोंगर आला, तर इंजिन ओरडेल आणि चाकं फिरणार नाहीत. मागे ट्रक असतील. आपण एकट्या असाल. माझं चुकत असेल तर चांगलंच. पण मी तीन रात्री झोपलो नाही."

चुलूंनी पेनाचं टोपण उचलून लावलं आणि पुन्हा काढलं.

बाई खडीवरल्या त्या दोन गुडघ्यांकडे बघत होत्या. गुडघ्यांची किंमत त्यांना कळत होती. आणि मग, कितीतरी वर्षांनी, त्यांना त्यांचे ताता आठवले. प्रेमात पडलेल्या माणसाला बाप आठवत नाही. ती धुंदी उतरली तसे ते आले, काठी टेकत. ताता बैल घ्यायचे तेव्हा दोन गोष्टी बघायचे. तो पहाटे थंडीत कसा उठतो हे बघायला आदल्या संध्याकाळीच आणून बांधायचे. आणि मग त्याला दिवसभर नांगराला जुंपायचे. सकाळच्या बैलाकडे ते बघायचेसुद्धा नाहीत. ऊन कलल्यावर, तोंडाला फेस आल्यावर, मग शांतपणे त्याच्यामागून चालायचे. सगळं गाव त्यांना चिकट म्हणायचं. पण त्यांचा एकही बैल कधी नांगरात बसला नाही.

"मिस्टर चुलू," बाई म्हणाल्या, "मला ही गाडी आजचा दिवस पाहिजे. मुनालीपर्यंत."

"मॅडम, तशी पद्धत नाही. ही गाडी आहे, बैल नाही."

"मग घाबरता कशाला? गाडी तर बसत नाही ना वाटेत?"

चुलू पेन खिशात घालून मागच्या सीटवर बसले. मुयांग्वा पुढे, मांडीवर टोपी ठेवून, देवळात बसल्यासारखा.

गर्दीतून बाहेर पडायला अर्धा तास गेला. मग चिलांगा मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, आणि सुरू झालं ते सगळं स्वप्नातलं जसंच्या तसं होतं. आमच्याकडच्या कोरड्या ऑगस्टचं सोनेरी गवत. दूरवर जाळलेल्या रानाचा धूर, निळा, उभा. काच खाली, वारा पिवळ्या फडक्याशी खेळतोय. काफुएच्या पुलावर नदी इतकी संथ होती की ती थांबलीय आणि पूलच वाहतोय असं वाटलं. मासळीवाल्या बायकांनी माळा उंचावल्या. बाईंचं कोपर बाहेर होतं, मनगटावर कडी चमकत होती. डावा पाय सीटखाली मऊ झोपेत. त्यांना कळत होतं की आपण स्वप्नात नाही, आणि तरी डोळे मिटले तर पुढचा रस्ता दिसेल अशी खात्री होती. मनातल्या मनात त्या म्हणत होत्या, नको रे देवा, मुनाली नको येऊ दे. हा रस्ता असाच सपाट राहू दे.

मुनाली आलीच.

पहिलं वळण गाडी चढली. दुसऱ्यावर इंजिनाचा आवाज अचानक वर गेला, पातळ झाला. बाईंनी आणखी दाबलं. आवाज आणखी चढला आणि गाडी हळू झाली. खूप बोलणारा माणूस काम काढलं की नुसता बोलतच राहतो, तसं. सगळी बडबड वर आणि खाली काही नाही. मागे दगडांच्या ट्रकने लांबलचक हॉर्न दिला. गाडी रांगली, थरथरली, आणि बाईंनी ती जेमतेम कडेच्या गवतात घेतली. ट्रक घरंगळत्या डोंगरासारखा शेजारून गेला.

कुठूनतरी तापलेल्या लोखंडाचा टिकटिक आवाज येत होता.

बाई उतरल्या, रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या. पांढरी गाडी गवतात उभी होती, अजूनही सुंदर. तिच्यावर राग येत नव्हता, हेच वाईट होतं. चाळीसएक वर्षं आपण जिला ओळखतो असं वाटत होतं ती मुळात आपली कुणीच नव्हती, एवढंच. पिवळं फडकं त्यांनी सोडलं आणि त्याने मान पुसली. चुलू दूर जाऊन आपल्या टोकदार बुटांवरची धूळ बघत होते.

मुयांग्वा टोपी हातात घेऊन उभा राहिला. "आई, आपल्याला पाणी आणू?"

"मुयांग्वा."

"जी."

"आता पुरे कर रे. मला भीती वाटते. तू असा बोलतोस तेव्हा मी मेल्यासारखं वाटतं."

मुयांग्वाने डोंगराकडे पाहिलं. मग टोपी डोक्यावर चढवली, हळूहळू, चांगली तिरकी करून.

"तुला ढकलत आणायला लावली असती ना या बैलाने," तो म्हणाला, "तर फार मजा आली असती. टोंगा बाई गाडीला खांदा देतेय! मी पेपरात फोटो दिला असता."

"हं," बाई म्हणाल्या. "आणि तू काय केलं असतंस? गुडघे टेकून ट्रकला टाळ्या वाजवल्या असत्यास."

"टेकले म्हणून सालटं निघालंय. बघ हे."

"दाखव. सगळं आयुष्य गुडघेच बघत आलेय."

तासाभराने गाडी थंड झाली आणि उतारावरून गुपचूप घरी आली. चुलूंनी वाटेत एकदाच तोंड उघडलं. "भोपळ्याच्या रंगाची पण आहे," ते म्हणाले.

बाईंनी त्या संध्याकाळपासून ती गाडी सुरू न करता आवारात उभी ठेवायला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी, गवतावर दव असताना, बाईंनी स्वतः जाऊन तिचं बॉनेट तळहाताने चाचपलं. गार. मग किल्ली फिरवली. गाडी एकदाच खोकली आणि उठली. त्याबरोबर आतून एक बाई जपानी भाषेत काहीतरी अदबीने म्हणाली.

"काय म्हणते ही?"

"त्या देशातल्या टोलचं कार्ड मागते, मॅडम," चुलू म्हणाले. "रोज मागेल. लक्ष देऊ नका."

"असं कसं? घरातलं माणूस सकाळी बोललं तर उत्तर द्यायला नको?" बाईंनी पुढे वाकून सांगितलं, "कार्ड नाही गं बाई. पण तू उठलीस, बरं झालं."

गिअरचा दांडा 'डी'वर, म्हणजे पुढे जायच्या खुणेवर, टाकला तेव्हा झटका नाही. उलट नेली, चढावर उलट नेली, तरी झटका नाही. बाजाराच्या गर्दीत अर्धा तास रांगवली. मग पुन्हा तो रस्ता, तो पूल, त्या मासळीवाल्या. या वेळी बाईंचे दोन्ही हात चाकावर होते आणि कान इंजिनाकडे. मुनालीच्या दुसऱ्या वळणावर त्यांनी श्वास धरला. भोपळा गुरगुरला, जरा खालच्या सुरात गेला, आणि चढत राहिला. जोरात नाही. बाजारातून परतणारी म्हातारी चढते तसा, डोक्यावर ओझं, तोंडात काहीतरी पुटपुटत, पण न थांबता. माथ्यावर मुयांग्वाने खाली उतरून पुन्हा काडी ओढली, वास घेतला आणि बाईंच्या नाकाशी धरली. त्यांनीही घेतला. कसलाच वास नव्हता.

"आता हिला नाव ठेव," मुयांग्वा म्हणाला. "तुम्ही बैलांना ठेवता ना."

"ठेवलं," बाई म्हणाल्या, आणि काय ते सांगितलं नाही.

रविवारी त्या एकट्या निघाल्या. पांढरं नव्हतं म्हणून पिवळं फडकंही बांधलं नाही, कामावर बांधायच्या ते निळं बांधलं. काफुए गेलं, मुनाली गेली. माझाबुकाला खरंच ऊस पेटवला होता आणि हवेत गोड काजळी तरंगत होती. तिथल्या चौकात त्या जरा थांबल्या, तर मागचं दार उघडलं, एक लठ्ठ बाई आत बसली, मांडीवर रताळ्यांचं पोतं घेतलं आणि म्हणाली, "मोंझे. आणि हळू चालव, मागच्या टॅक्सीवाल्याने रताळी सांडली."

बिना चिमुकांनी आरशात पाहिलं. बोलणार होत्या. मग म्हणाल्या, "बरं."

वाटभर त्या बाईने सुनेच्या तक्रारी सांगितल्या. चढ लागला की बिना चिमुका समोरच्या चाकाला म्हणायच्या, "चल रे मुयांग्वा, चल आळशा, मासे नाहीत पुढे!" मागून बाई विचारायची, "कोणाशी बोलता?" आणि त्या सांगायच्या, "बैलाशी." मग सुनेची गोष्ट पुढे चालू व्हायची. मोंझेच्या बस स्टँडवर त्यांनी गाडी थांबवली. बाई उतरली, पैसे काढू लागली, यांनी घेतले नाहीत, तिने आग्रह केला, शेवटी चार रताळी यांच्या मांडीवर ठेवून ती पोतं डोक्यावर घेऊन गर्दीत शिरली. बसची वाट बघणारी माणसं होती, पाय बांधलेल्या कोंबड्या होत्या, धूळ होती.

आणि तिथून दहा-बारा किलोमीटर पुढे गेल्यावर, बाभळीच्या सावल्या रस्त्यावर एकापाठोपाठ एक पडत असताना, बिना चिमुकांच्या एकदम ध्यानात आलं की आपण त्या स्टँडवर थांबलो होतो. नेमकं त्या जागी. आणि पिवळ्या फडक्याच्या त्या बाईची आठवण झाली नाही. कोपर बाहेर होतं की आत, हेही आठवेना. त्यांनी पाहिलं. आतच होतं, रताळी सांभाळत.

त्या मोठ्याने हसल्या. मग, कुणी बघत नव्हतं तरी, काच खाली केली आणि कोपर बाहेर ठेवलं. थोडा वेळ. वारा होता, ऊन होतं, डावा पाय झोपला होता. मग कोपराला चटका बसायला लागला तसं आत घेतलं.

चिलेलेको आवाराच्या तोंडाशी उभी होती, डोळ्यांवर हात धरून. "अगं, मी पांढरं शोधत होते!" ती म्हणाली. "हे काय, टॅक्सीने आलीस?"

"बैल आहे," बिना चिमुका म्हणाल्या, आणि खाली उतरल्या. गुडघ्याने या वेळी काही तक्रार केली नाही. तो सव्वादोनशे किलोमीटर झोपला होता.

चिलेलेकोने वाडगाभर घट्ट दही आणून दिलं. पहिला घोट घेतला तोच फोन वाजला. मुयांग्वा. बाईंनी नाव पाहिलं आणि क्षणभर फोन कानाला लावायला त्यांचा हात कचरला. आई म्हणाला तर?

"जिवंत आहेस का गं गाईचोरे?" पलीकडून आवाज आला. "की डोंगरात चरत बसलात दोघी?"

बिना चिमुकांनी डोळे मिटले आणि दह्याचं वाडगं मांडीवर नीट ठेवलं.

"पोचलो," त्या म्हणाल्या. "मुयांग्वा सबंध रस्ता नीट चालला. एकदाही कुरकुरला नाही. तू त्याच्यासारखा असतास तर किती बरं झालं असतं."